पेशी येते कोठून?

बदलापूरजवळच्या सोनिवलीकडे पावसाळ्यात गेलात, तर भाताच्या खाचरांत बांधाच्या कडेला साचलेल्या पाण्यावर एक हिरवा, बुळबुळीत थर आढळतो. हातात घेतला तर ओल्या रेशमाच्या लडीसारखा वाटतो. शेतकरी त्याला शेवाळ म्हणतो आणि पायाने बाजूला सारतो. एका वर्षी तिकडून शाळेत येणाऱ्या मुलांनी हे शेवाळ लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून प्रयोगशाळेत आणले. एक तंतू काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लांबच लांब नळी, तिच्यात आडव्या भिंती, आणि प्रत्येक खणात स्प्रिंगसारखी वळलेली हिरवी पट्टी. हा स्पायरोगायरा. प्रत्येक खण म्हणजे एक पेशी.

बरणी आठवडाभर खिडकीत राहिली आणि शेवाळ वाढले. तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ह्या नव्या पेशी आल्या कुठून?" मी पुस्तकातले उत्तर दिले, की पेशी पेशीपासूनच निर्माण होते. तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "पण तसं होताना पाहिलं कोणी?"

विद्यार्थी मित्रांनो, हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. पेशी सिद्धांत आपण बहुधा तीन नावांत पाठ करतो : श्लायडेन, श्वान आणि फिर्खो (काही पुस्तकांत विर्शो असेही छापतात). सजीव पेशींचे बनलेले असतात हे पहिल्या दोघांनी सांगितले आणि पेशी पेशीपासून होते हे तिसऱ्याने, असा हिशेब. परीक्षेला तो पुरतो. परंतु प्रत्यक्षात "पेशी येते कोठून?" या प्रश्नाचे पहिल्या दोघांनी दिलेले उत्तर साफ चुकीचे होते, आणि बरोबर उत्तर ज्याने डोळ्यांनी पाहून दिले त्याचे नाव या तिघांत नाहीच. ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पेशी प्रथम दिसली ती मेलेली. इ. स. १६६५ हे आपल्याला पुरंदरच्या तहाचे वर्ष म्हणून ठाऊक आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट हुक या तिशीतल्या शास्त्रज्ञाचे 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हुक रॉयल सोसायटीत प्रयोगांचा व्यवस्थापक होता. सोसायटीच्या सभासदांपुढे सतत नवे नवे प्रयोग करून दाखवणे हे त्याचे काम. त्याने बाटलीच्या बुचाचा एक अतिशय पातळ काप धारदार चाकूने काढला, काळ्या पट्टीवर ठेवला, त्यावर भिंगाने प्रकाश एकवटला आणि आपल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरेच घरे दिसली. त्यांना त्याने लहान खोली या अर्थाचे 'सेल' हे नाव दिले.

आपण हे एवढेच वाचतो आणि पुढे जातो. पण हुक केवळ पाहून थांबला नाही, त्याने मोजले. एका इंचाच्या अठराव्या भागात त्याला एका ओळीत साठ खोल्या मिळाल्या. म्हणजे एका इंचात साठ गुणिले अठरा, १०८०. एका चौरस इंचात १०८० चा वर्ग, ११,६६,४००. आणि एका घन इंचात? १२५ कोटी ९७ लाख १२ हजार! हा गुणाकार तुम्ही स्वतः करून पाहा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा एका खोलीची रुंदी सुमारे ०.०२४ मिलिमीटर येते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या, मेणबत्तीच्या किंवा तेलाच्या दिव्यावर चालणाऱ्या उपकरणाने काढलेला हा आकडा आजच्या मोजमापांशी बऱ्यापैकी जुळतो. बूच पाण्यावर का तरंगते, दाबले तर पुन्हा का फुगते, याचेही उत्तर त्याला मिळाले : खोल्यांत हवा कोंडलेली असते.

जाता जाता एक सांगायला हवे. आपल्याकडे शाळांच्या आवारात आणि रस्त्यांच्या कडेला लांब देठाची, पांढरी, सुगंधी फुले टाकणारे बुचाचे झाड असते. त्याच्या सालीपासून हलक्या प्रतीचे बूच करीत, म्हणून हे नाव पडले. हुकचे बूच मात्र त्या झाडाचे नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशात वाढणाऱ्या एका ओक वृक्षाच्या सालीचे ते होते.

तर हुकने पाहिल्या त्या रिकाम्या खोल्या, पेशींच्या मागे राहिलेल्या भिंती. हिरव्या वनस्पतींत या खोल्या रसाने भरलेल्या असतात हेही त्याने नोंदवले होते, पण जीव त्या रसात असेल असे त्याला वाटण्याचे काहीच कारण नव्हते. घर दिसले, राहणारा दिसला नाही.

येथे आपल्या भाषेतल्या शब्दाकडेही पाहू. इंग्रजी नाव रिकाम्या खोलीवरून पडले. हिंदीने 'कोशिका' हा शब्द घेतला, त्यातही पिशवीचा, आवरणाचा अर्थ आहे. मराठीने मात्र 'पेशी' हा शब्द निवडला. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुतसंहितेत मानवी शरीरात पाचशे पेशी सांगितल्या आहेत, पण तेथे अर्थ स्नायू असा आहे. हिंदीत आजही 'मांसपेशी' म्हणजे स्नायूच, आणि त्यामुळे हिंदी पुस्तक वाचताना मराठी विद्यार्थ्याचा हमखास घोटाळा होतो. तरीही मला आपला शब्द आवडतो. त्यात खोली नाही, जिवंत मांस आहे. शास्त्रज्ञांना भिंतीकडून आतल्या जिवंत द्रव्याकडे यायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली, ते अंतर या शब्दाने एका उडीत ओलांडले आहे.

हुकनंतर थोड्याच वर्षांत हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासून तयार केलेल्या एकेरी भिंगांतून तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्मजीव, रक्तातील तांबड्या पेशी, शुक्रपेशी, दातांवरच्या किटणातले जंतू असे कितीतरी पाहिले. त्याला लॅटिन येत नव्हते. त्याने सगळे आपल्या डच भाषेत पत्रांतून लिहिले आणि रॉयल सोसायटीने ते भाषांतर करून छापले. ज्यांना वाटते की विज्ञान आपल्या भाषेत होत नाही, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यानंतर दीडशे वर्षे गाडी अडल्यासारखी झाली. दोष बुद्धीचा नव्हता, काचेचा होता. साध्या भिंगातून पांढरा प्रकाश जाताना त्याचे रंग वेगवेगळ्या ठिकाणी एकवटतात. त्यामुळे प्रतिमेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी किनार येते आणि बारीक तपशील पुसला जातो. वर्धन जितके वाढवावे तितका हा घोटाळा वाढतो. काहींना तर सर्वच ऊती गोल गोल दाण्यांच्या बनलेल्या दिसत. ते दाणे पुष्कळदा भिंगाच्या दोषातून निघालेले असत. वेगवेगळ्या काचांची भिंगे जोडून ही किनार नाहीशी करता येते. त्या भिंगांची नेमकी मांडणी कशी करावी हे १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर या इंग्रज मद्यव्यापाऱ्याने दाखवून दिले. (शस्त्रक्रियेत जंतुनाशके आणणारा प्रसिद्ध डॉक्टर लिस्टर तो याचा मुलगा.) नंतरच्या दहा वर्षांत शोधांची रांग लागली, हा योगायोग नव्हे.

१८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ऑर्किडच्या पानांच्या सालीतील प्रत्येक पेशीत एक गोलसर, किंचित गडद ठिपका असतो असे सांगितले आणि त्याला केंद्रक हे नाव दिले. हा तोच ब्राउन, ज्याच्या नावाची 'ब्राउनीय गती' तुम्ही भौतिकशास्त्रात शिकता. केंद्रक यापूर्वीही काहींना दिसले होते. पण ते प्रत्येक पेशीत असावे, आणि म्हणून महत्त्वाचे असावे, हा विचार त्याचा.

आता बर्लिनला जाऊ. योहान्नेस म्युलर या प्राध्यापकाच्या भोवती तेथे हुशार तरुणांचा मेळा जमला होता. त्यांत मॅथियास श्लायडेन हा वकिली सोडून वनस्पतिशास्त्राकडे वळलेला गृहस्थ होता आणि थिओडोर श्वान हा म्युलरचा साहाय्यक होता. जठरातील पेप्सीन हे पाचकद्रव्य श्वानने १८३६ मध्ये शोधलेले होते. १८३८ मध्ये श्लायडेनने लिहिले की वनस्पतीचा प्रत्येक भाग पेशींचा, अथवा पेशींपासून तयार झालेल्या घटकांचा असतो, आणि नवी पेशी तयार होण्यात केंद्रकाचा मोठा वाटा असतो. त्या सुमारास एके दिवशी दोघे एकत्र जेवायला बसले असताना श्लायडेनने केंद्रकाची गोष्ट काढली. श्वानला एकदम आठवले की असाच ठिपका आपण प्राण्यांच्या गर्भात, पाठीच्या कण्याच्या जागी असणाऱ्या दोरीसारख्या अवयवाच्या पेशींत पाहिला आहे. दोघे उठून तडक शरीररचनेच्या प्रयोगशाळेत गेले. श्लायडेनने भिंगातून पाहिले आणि साम्य ओळखले. ही आठवण पुढे श्वाननेच सांगितली आहे.

१८३९ मध्ये श्वानचे पुस्तक आले. कूर्चा, पीस, नख, स्नायू, मज्जा, रक्त यांचे मूळ घटक एकच, असे त्याने एकेक ऊती तपासून मांडले. शाळेत शिकताना हे इतके सोपे वाटते की त्यातला धक्का जाणवत नाही. आंब्याचे झाड आणि त्याखाली बसलेली गाय यांच्यात त्या काळी लोकांना काय समान दिसत असेल? एक माती-पाण्यावर वाढते, दुसरी चालते, हंबरते. दोन्हींची वीट एक आहे, हे वाक्य उच्चारण्यासाठी त्या काळी मोठे धाडस लागत होते.

पण वीट येते कोठून? येथे दोघे घसरले. श्लायडेनचे म्हणणे असे की जुन्या पेशीतील डिंकासारख्या द्रवात आधी बारीक कण जमतात, त्यांचे केंद्रक बनते आणि केंद्रकाभोवती नवी पेशी फुगून येते. श्वानने तर सांगितले की प्राण्यांत हे पेशीबाहेरच्या द्रवातही घडते. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडला की त्यावर खडीसाखरेचे स्फटिक धरतात, तशी पेशी द्रवातून 'धरते'. आपल्या पुस्तकाच्या शेवटी त्याने पेशी आणि स्फटिक यांची सविस्तर तुलना केली आहे.

या चुकीला हसू नये. स्फटिकाची कल्पना त्यांना का पटली, हे समजणे अवघड नाही. शरीर हे काही गूढ जीवनशक्तीने चालत नसून रसायन व भौतिकशास्त्राच्या नियमांनीच चालते, असे श्वानचे मत होते, आणि स्फटिकाइतके नियमबद्ध वाढणारे दुसरे काय होते? हेतू आधुनिक होता, पण निरीक्षण कच्चे होते. शिवाय ते ज्या ऊती पाहत होते त्या मारलेल्या, कापलेल्या होत्या. विभाजनाच्या मध्यावर असलेली पेशी आणि दोन शेजारी पेशी यांत फरक ओळखायचा कसा? थांबलेल्या चित्रातून चालणारी गोष्ट वाचण्याचा हा प्रकार होता.

गंमत अशी की बरोबर उत्तर तेव्हा छापून झालेले होते, आणि ते शेवाळातच सापडले होते! १८३२ मध्ये बेल्जियमच्या ड्युमॉर्टिए याने व १८३५ मध्ये ह्यूगो फोन मोल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तंतूसारख्या शेवाळांत पाहिले की पेशी लांब होते, तिच्या मध्यावर आडवी भिंत तयार होते आणि एकीच्या दोन पेशी होतात. ती शेवाळे सोनिवलीच्या खाचरातल्या शेवाळापेक्षा वेगळ्या जातीची होती, पण पेशींची ओळ तशीच. तंतूची सोय ही की पेशी एकामागे एक असतात. कोण कोणापासून झाली हे ओळीवरून कळते. तरीही, हा शेवाळापुरता प्रकार असेल, असे म्हणून ते सिद्धांतात घेतले गेले नाही.

प्राण्यांच्या बाबतीत हा प्रश्न सोडवला रॉबर्ट रेमाक याने. पोझेन (आजचे पोलंडमधील पोझ्नान) येथे १८१५ साली जन्मलेला हा ज्यू तरुणही म्युलरचाच विद्यार्थी. १८४१ मध्ये त्याने गर्भातील रक्तपेशींचे विभाजन होताना पाहिले. एकाच निरीक्षणावर तो थांबला नाही. दहा वर्षे त्याने कोंबडीच्या आणि बेडकाच्या गर्भांवर काम केले. बेडकाच्या अंड्याचे दोन, चार, आठ असे भाग पडत जातात हे पूर्वी माहीत होते, पण ते भाग म्हणजे पेशी होत की नाही यावर वाद होता. रेमाकने अंडी रसायनांनी घट्ट करून पेशींची आवरणे स्पष्ट दिसतील अशी युक्ती काढली, आणि पहिल्या फलित अंड्यापासून ऊतींपर्यंत विभाजनाची साखळी कोठेही तुटत नाही हे दाखवले. १८५२ मध्ये त्याने स्पष्ट लिहिले, की पेशी द्रवातून आपोआप निर्माण होते हे म्हणणे त्याला चिखलातून आपोआप जीव निर्माण होण्याइतकेच अविश्वसनीय वाटते.

"पाहिलं कोणी?" या प्रश्नाचे उत्तर रेमाक हे आहे. मग त्याचे नाव आपल्या पुस्तकात का नाही? प्रशियात त्या वेळी ज्यू माणसाला विद्यापीठात शिकवण्याची परवानगी नव्हती. धर्म बदलला तर मिळाली असती, ते त्याने केले नाही. राजाकडे अर्ज करावा लागला आणि १८४७ मध्ये बर्लिन विद्यापीठात अधिव्याख्याता म्हणून त्याला मान्यता मिळाली, तेव्हा असा तो पहिला ज्यू ठरला. पूर्ण प्राध्यापकपद त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही. रोग्यांवर उपचार करून तो पोट भरी आणि उरलेल्या वेळात संशोधन करी. १८६५ मध्ये तो वारला.

रुडॉल्फ फिर्खो हा त्याच वर्तुळातला, तेजस्वी आणि लढाऊ वृत्तीचा डॉक्टर. त्याने १८५५ च्या एका लेखात "प्रत्येक पेशी पेशीपासून" हे सूत्र लॅटिनमध्ये मांडले आणि १८५८ मध्ये वीस व्याख्यानांच्या पुस्तकातून ते सगळ्या वैद्यकात नेले. रेमाकच्या कामाची रास्त दखल त्या लेखात घेतली नव्हती. घोषवाक्य लक्षात राहते, दहा वर्षांची मेहनत राहत नाही. माझ्या मते वर्गात पेशी सिद्धांत शिकवताना शिक्षकांनी फळ्यावर चौथे नाव लिहायला हरकत नाही.

फिर्खोचे श्रेय मात्र वेगळ्या जागी आहे, आणि ते फार मोठे आहे. पूर्वी रोग म्हणजे शरीरातील रस बिघडणे, असे मानीत. श्वानचा द्रव खरा असता तर गाठीच्या पेशी बिघडलेल्या रसातून 'धरल्या' असे म्हणता आले असते. पण पेशी पेशीपासूनच होत असेल, तर कर्करोगाच्या गाठीतील प्रत्येक पेशी ही रोग्याच्याच कधीकाळच्या निरोगी पेशीची वंशज ठरते. शत्रू बाहेरून आलेला नाही, घरातलाच आहे. त्यामुळे डॉक्टरने रक्त काढून किंवा रेच देऊन रस शुद्ध करीत बसण्यापेक्षा ऊतीचा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. आज आपल्या घरातील कोणाची 'बायॉप्सी' होते, तेव्हा तो तुकडा या विचारापोटीच प्रयोगशाळेत जातो.

पुढचे थोडक्यात. कृत्रिम रंग आल्यावर केंद्रकातील धागे रंगवता आले. १८८२ मध्ये वाल्टर फ्लेमिंग याने सॅलॅमँडर या बेडकाच्या दूरच्या नातलगाच्या पिलांत विभाजनाचे सर्व टप्पे रेखाटले. १८८८ मध्ये त्या धाग्यांना मिळालेल्या नावाला आपण मराठीत गुणसूत्रे म्हणतो. मज्जासंस्था ही एकसंध जाळी आहे की सुट्या पेशींची, हा वाद बराच काळ चालला. १९०६ मध्ये गॉल्जी आणि काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हाही दोघे यावर एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. काहालचे म्हणणे, म्हणजे सुट्या पेशी, खरे ठरले. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन याने बेडकाच्या गर्भातील मज्जाऊतीचा तुकडा लसिकेच्या एका थेंबात जिवंत ठेवला आणि त्यातून मज्जातंतू वाढताना पाहिला. शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे, ऊतिसंवर्धनाचे, तंत्र येथून सुरू झाले. आता थांबलेले चित्र चालू लागले.

आणि येथे ही गोष्ट आपल्या घरी येते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणारे दिनकर दत्तात्रेय समर्थ यांची मुलगी कमल हिचा जन्म १९१७ चा. हुजूरपागेत शाळा झाली, फर्ग्युसनमध्ये पदवी झाली आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये एम. एस्‌सी. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. सीताफळाच्या पेशीत ती १४ असतात, कांद्याच्या पेशीत १६ आणि माणसाच्या ४६. सीताफळाच्या गुणसूत्रांपासून माणसाच्या कर्करोगापर्यंतची वाट विचित्र वाटेल. श्वानचे पहिले वाक्य खरे असल्यामुळेच ती वाट अस्तित्वात आहे : ज्याला वनस्पतीची पेशी वाचता येते, त्याला प्राण्याची पेशी अगदीच परकी नसते.

लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईला आल्या. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्राचे थोर अभ्यासक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच. डी. मिळवली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी काचपात्रात अखंड वाढू लागल्या. माणसाच्या पेशी अशा न थांबता वाढण्याची ती पहिली वेळ. 'हेला' या नावाने त्या जगभर पोचल्या, पोलिओची लस तपासायला उपयोगी पडल्या. लॅक्स त्याच वर्षी वारल्या. पेशी घेताना त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि कुटुंबाला हे वीसएक वर्षांनी कळले. २०२३ मध्ये, म्हणजे ७२ वर्षांनी, या पेशी विकणाऱ्या एका कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली. पेशी पेशीपासून होते, पण पेशी कोणाची, हा प्रश्न विज्ञानाने स्वतःला उशिरा विचारला.

परत आल्यावर रणदिवे यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. हे बोलायला सोपे आहे. काचपात्रात पेशी वाढवायची तर तिला शरीरासारखे तापमान, मोजून मापून दिलेले क्षार, रक्तजल आणि मुख्य म्हणजे जंतुविरहित वातावरण लागते. मुंबईच्या दमट हवेत बुरशीचा एक कण पात्रात पडला की आठवड्याचे काम गेले. तेथे त्यांनी स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध उंदरांवर अभ्यासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील त्यांचे कामही लसीच्या संशोधनाला उपयोगी पडले. १९७३ मध्ये स्त्री वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, २००१ मध्ये त्या निवर्तल्या. आज पुण्यात विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या पेशी तेथे जतन करून पुरवल्या जातात.

आता त्या मुलीच्या प्रश्नात थोडे गणित घालू. माणसाच्या शरीरात अंदाजे ३७ लाख कोटी पेशी असतात असा आजचा हिशेब आहे. सुरुवात एका पेशीपासून. एकीच्या दोन, दोनांच्या चार असे दुप्पट होत गेले तर किती वेळा दुप्पट व्हावे लागेल? दहा वेळा दुप्पट केले की १०२४, म्हणजे सुमारे हजार. चाळीस वेळा केले की लाख कोटीच्या थोडे वर. आणखी पाच वेळा, की सुमारे ३५ लाख कोटी. म्हणजे फक्त पंचेचाळीस पायऱ्या! प्रत्यक्षात कित्येक पेशी वाटेत मरतात आणि सगळ्या सारख्या वेगाने विभागत नाहीत, त्यामुळे हा हिशेब ढोबळच. तरी पहिल्यांदा केला तेव्हा मी कागद दोनदा तपासला होता.

चाणाक्ष विद्यार्थी येथे विचारील, की मागे मागे गेले तर सर्वांत पहिली पेशी कोठून आली? ती तर पेशीपासून आली नसणार. बरोबर आहे. साडेतीनशे कोटी वर्षांहून आधी केव्हातरी निर्जीव रसायनांतून तिची जुळणी झाली असली पाहिजे. ती कशी झाली यावर आजही संशोधन चालू आहे. फिर्खोचे सूत्र आजच्या पृथ्वीवरील पेशींबद्दल आहे. अपवादांची नोंदही ठेवा : विषाणू पेशी नव्हेत, आणि आपल्या दंडाच्या स्नायूतील एकेका तंतूत शेकडो केंद्रके असतात.

आता बरणीकडे वळू. स्पायरोगायराचे विभाजन बहुतेक रात्री होते, म्हणून शाळेच्या वेळात ते सहसा दिसत नाही. तुम्ही असे करा. एक लहान तंतू घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील पेशी मोजा आणि आकडा लिहून ठेवा. मग तो तंतू घड्याळकाचेत, ज्या पाण्यातून आणला त्याच पाण्यात ठेवा. झाकण असू द्या. दिवसा उजेड मिळावा, पण कडक ऊन नको. रोज सकाळी पुन्हा मोजा. आकडा वाढेल तेव्हा दोन गोष्टी नीट पाहा : एक, काही ठिकाणी शेजारच्यांपेक्षा आखूड अशा दोन पेशी जोडीने दिसतात का? आणि दोन, तंतूबाहेरच्या पाण्यात, श्लायडेन आणि श्वान यांच्या म्हणण्याप्रमाणे, सुटी नवी पेशी कोठे 'धरलेली' सापडते का? तंतू मोडला तर दोन्ही तुकडे मोजायला विसरू नका. आमच्या मुलांचा पहिला प्रयोग त्यातच फसला होता.